डब्यातला आवाज

६ फेब्रुवारी, मंगळवार
सरोवराकाठचं हॉटेल

जैलो,

आज भर वर्गात तुझं नाव घेतलं गेलं, म्हणून लिहितेय. नाहीतर तीन वर्षं गप्प बसलेच होते, आणखी तीन बसले असते. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

आम्हा सगळ्या जिल्ह्यांच्या माहिती अधिकाऱ्यांना इथे आणून कोंडलंय. नवं सरकार आलं, आता पेपरवाल्यांशी मोकळेपणानं बोलायचं, म्हणून आठवडाभराची शिकवणी. शिकवायला झांबियाहून मिसेस म्वान्सा आल्यात. उभा जन्म पेपरात गेलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की आपल्या मामालाही गप्प बसवेल. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "एकेकानं उठायचं आणि फक्त एवढंच म्हणायचं, मला माहीत नाही." तुला खोटं वाटेल, पण बावीस जणांत एकालाही जमेना. डोंगराकडचा तो जाडा कापालामुला घसा खाकरून म्हणाला, "वरिष्ठांना विचारून सांगतो." बाई म्हणाल्या, "चढा खुर्चीवर." तेव्हापासून नियमच पडलाय. जो कुणी 'विचारून सांगतो' म्हणेल त्यानं खुर्चीवर उभं राहायचं. पन्नाशीतले सरकारी लोक आम्ही, शाळेतल्यासारखे खुर्च्यांवर उभे असतो.

माझी पाळी आली तेव्हा मी एक निवेदन वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "तुमचा आवाज फार गोड आहे. तो जपून वापरा." मला ती शाबासकीच वाटली.

आज त्यांनी जुनी कात्रणं काढली. एकीकडे पेपरातली बातमी, दुसरीकडे त्याच आठवड्याचं सरकारी निवेदन. तिसरा कागद हातात आला, तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला. 'बाजारगावात कॉलऱ्यानं अकरा जणांचा मृत्यू. बातमीदार जैलोसी चिसाले.' आणि शेजारी, 'जिल्ह्यात कॉलरा नाही. कच्च्या आंब्यांमुळे काहींची पोटं बिघडली आहेत. पाणी निर्धास्त प्या.' सही होती तिथे बाईंनी कागद दुमडला होता. मी सासरचं नाव लावते, त्यामुळे तू माझा कोण हे तिथे कुणाला ठाऊक नाही.

"यात खोटं कुठे आहे ते शोधा," बाई म्हणाल्या.

"आंबे," कापालामुला म्हणाला. "फेब्रुवारीत आमच्याकडे झाडावर एक कैरी शिल्लक नसते."

सगळे हसले. मीही हसले, जैलो. सगळ्यांच्या बरोबरीनं हसले.

"या बातमीदाराला एकोणीस दिवस आत ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "निवेदन लिहिणाऱ्याचं काय झालं असेल?"

"बढती," मागून कुणीतरी म्हणालं. बरोबर होतं त्याचं.

मध्येच कचेरीचा फोन आला म्हणून मला खाली बोलावलं. किरकोळ होतं, अर्ध्या मिनिटात उरकलं. वर आले, माझा सराव झाला, बाईंनी मोकळेपणाबद्दल कौतुक केलं. टाळ्या वाजल्या.

आई बरी आहे असं ऐकते. दोन महिन्यांत चिकोम्बेला जाणं झालेलं नाही. मागच्या खेपेला म्हणाली, "तू नाही आलीस तरी तुझी गाडी येते ना गं." आमची भोंग्याची गाडी गावात शिरली की ती दारात चटई टाकून बसते. खतांची माहिती असो, लसीची असो, मन लावून ऐकते आणि शेजारणींना सांगते, माझी लेक बोलतेय.

तुला तिथं ब्लँटायर शहरातल्या पेपरात बरं चाललंय असं मामा सांगतो. उत्तराची आशा नाही. तरी पाठवतेय, बसच्या कंडक्टरच्या हाती.

एनिफा


११ फेब्रुवारी, रविवार
चिकोम्बे

जैलो,

तार मिळाली असेल. तारेत चार शब्द मावले, ते मामानं सांगितले, मी नुसती उभी होते.

आई काल सकाळी गेली. कॉलऱ्यानं. गुरुवारी रात्री पोट बिघडलं, शनिवारी सूर्य वर यायच्या आत संपलं. मी पोचले तेव्हा ती मला ओळखत होती. डोळे इतके आत गेले होते की मी आधी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली.

मला कसं कळलं ते सांगते, कारण ते डोक्यातून जात नाही. शुक्रवारी शिकवणीचा शेवट होता. बाईंनी सरावासाठी खरे पत्रकार बोलावले होते, आणि मी टेबलामागे बसले होते. एक चुणचुणीत मुलगी उठली, म्हणाली, "परवापासून तुमची गाडी चिकोम्बेत 'कॉलरा नाही' असं सांगत फिरतेय. तिथल्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणतात, सात मेले. खरं कोण?"

मला वाटलं सरावाचाच प्रश्न आहे, गावाचं नाव हवेतून घेतलंय. तोंडातून आपोआप निघालं, "वरिष्ठांना विचारून सांगते."

सगळा वर्ग हसला. "खुर्ची, खुर्ची," म्हणून ओरडले. मी हसत हसत खुर्चीवर चढले. वरून त्या मुलीकडे पाहिलं, तर ती एकटीच हसत नव्हती. ती म्हणाली, "बाई, मी खरंच विचारतेय. मी कालच तिथून आलेय." मी तशीच खुर्चीवर उभी राहिले. कापालामुलानं हात धरून मला खाली उतरवलं.

आईला आंघोळ घालू दिली नाही. रबरी बूट घातलेली दवाखान्याची माणसं आली, पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलं, त्याच दुपारी पुरलं. रडायला बायका जमल्या नाहीत, मोठ्या हंड्यात मक्याच्या पिठाचा नसिमा शिजला नाही, कुणी आपल्या अंगणात सोबतीला झोपायला आलं नाही. आपल्या आईच्या मयताला सात माणसं होती. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मयतात चुली पेटवल्या.

हे सगळं कसं झालं ते शेजारच्या एझेलिया मावशीनं सांगितलं. दवाखान्यानं पाण्यात टाकायचं औषध वाटलं होतं. आईला त्याचा वास आवडत नव्हता तरी टाकत होती. बुधवारी गाडी आली. आईनं चटई टाकली, ऐकलं, उठली आणि औषधाच्या पाण्याचा माठ अंगणात ओतून दिला. मावशीला म्हणाली, "माझी एनिफा सांगतेय, पाणी निर्धास्त प्या. डॉक्टर काय, तो परका." आणि ओढ्याचं पाणी भरून आणलं. मावशीलाही दिलं.

ती तीन वर्षांपूर्वीची कॅसेट होती, जैलो. आंब्यांची. कचेरीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्या सगळ्या कॅसेट असतात, लेबलं लावलेल्या. खत. कर. लस. कॉलरा नाही. मी तिकडे शिकवणीत, आणि इकडे यांनी मला न विचारता ती लावली. मला न विचारता. मी काय करू शकत होते तू सांग.

ये. काही बोलू नकोस माझ्याशी, पण ये.

एनिफा


१५ फेब्रुवारी, गुरुवार
चिकोम्बे

जैलो,

तू आलास आणि गेलास. मामानं सांगितलं. आईच्या मातीपाशी उभा राहिलास, पाण्याचा घोट घेतला नाहीस, मी गाडीबरोबर वरच्या वाडीत होते तोवर दुपारची बस धरलीस. मामाला विचारलं, काही बोलला का. आधी सांगेना. मग म्हणाला, "तो म्हणाला, तिनं सगळं खरं सांगितल्याशिवाय मी तिचं तोंड बघणार नाही."

आणखी काय सांगायचं राहिलंय? लिहिलं की सगळं.

असो. भांडायला लिहीत नाही, काम आहे. गावात अजून माणसं मरताहेत. कालपर्यंत बारा. शाळेमागे दवाखान्याचा तंबू आहे, सलाइन आहे, नर्स आहे, आणि खाटा रिकाम्या आहेत. माणसं घरातच मरतात, पण तंबूत येत नाहीत. ओढ्यावर बायकांची तीच रांग.

मी कॅसेट बंद करून स्वतः माइक घेतला. ड्रायव्हर बिसेकी गाडी हळू चालवतो आणि मी बोलते, कॉलरा आहे, ओढ्याचं पाणी पिऊ नका, जुलाब लागले की तंबूत या. घसा बसला. ओढ्यापाशी उतरले, तर एझेलिया मावशी बादली भरत होती. तिचा नवरा आदल्या दिवशी गेलेला.

"मावशी, हे पाणी नको."

"मागच्या बुधवारी तूच म्हणालीस, प्या."

"ती जुनी कॅसेट होती गं. आता मी स्वतः सांगतेय."

"भोंगा तोच, गाडी तीच, आवाज तोच," ती म्हणाली. "बुधवारची एनिफा खोटी की आजची, हे मी कसं ओळखायचं? उद्या तिसरी येईल. जा बाई, तुझ्या साहेबांना विचारून ये."

बादली डोक्यावर ठेवून निघून गेली. बिसेकी स्टिअरिंगवर मान घालून बसला होता. आज मला म्हणतो, "बाई, माझ्या बायकोलाही मी समजावू शकलो नाही. म्हणते, तू तर गाडी चालवणारा, तुला जे लावायला देतात ते लावतोस."

त्यांचं काय चुकलं? माझ्या आवाजाची आता राख झालीये. पण तुझ्यावर हा गाव विश्वास ठेवतो. तू खरं लिहिलंस म्हणून आत गेलास, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू ये आणि एकदा भोंग्यावरून सांग. येणं नको असेल तर कॅसेट भरून पाठव. माझ्यासाठी नको, मावशीसाठी. तिच्या घरात अजून तीन माणसं आहेत.

एनिफा


१८ फेब्रुवारी, रविवार
चिकोम्बे

जैलो,

तू बरोबर होतास. राहिलं होतं.

फोन आयुक्तसाहेबांचा होता. मंगळवारचा तो किरकोळ फोन. हॉटेलच्या काउंटरपाशी उभी राहून घेतला. साहेब म्हणाले, "एनिफाबाई, चिकोम्बेकडे चार जण गेलेत. डॉक्टर कॉलरा म्हणतोय. येत्या आठवड्यात मंत्री मासळीबाजाराच्या उद्घाटनाला यायचेत, लोक बिथरायला नकोत. तुमची ती जुनी आहे ना डब्यात, ती लावू का?"

मी म्हणाले, "लावा, साहेब. चावी बिसेकीकडे आहे."

एवढंच. मी विचारलं नाही डॉक्टर काय म्हणाला. थांबा म्हणाले नाही. दोन तास आधी तीच कॅसेट कागदावर वाचली गेली होती, तुझ्या नावाशेजारी, आणि मी हसले होते, आणि तरी म्हणाले, लावा.

भीतीपोटी म्हणाले असते तर बरं झालं असतं, निदान तुला कीव तरी आली असती. जुने दिवस असते तर तेही म्हणता आलं असतं, की नाही म्हटलं तर आपणही आत. आता कोण कुणाला आत घालतंय? साहेबांनी तर विचारलं होतं. नको म्हणाले असते तर बरं म्हणून फोन ठेवला असता त्यांनी. मला घाई होती. वर माझी पाळी यायची होती आणि बाईंसमोर मोकळेपणानं बोलायचा माझा सराव मला चांगला करायचा होता.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय पत्र बंद करणार नाही. फोन ठेवताना माझ्या मनात चिकोम्बे आलं. आपलं गाव आहे हे मला कळत होतं. आणि मनात काय आलं सांगू? आई खूश होईल. बरेच दिवस गाडी तिकडे गेली नाही, आवाज ऐकून बरं वाटेल तिला. हे मनात आलं, जैलो. शपथेवर सांगते, दुसरं काही आलं नाही. पाणी आलं नाही, माठ आला नाही. तेव्हापासून मी स्वतःकडे बघते तर ही बाई कोण हेच मला कळत नाही.

तुझ्या वेळीही मला माहीत होतं. अकरा मयतं मीही पाहिली होती, तुझ्या आधी. तुला पकडायला आले त्या सकाळी मी कचेरीत होते आणि ते मला विचारूनच निघाले होते, तू घरी आहेस का. मी म्हणाले, आहे.

उद्या हे सगळं गावासमोर सांगणार आहे. शुक्रवारी खुर्चीवरून उतरवल्यावर त्या मुलीनं पत्ता दिला होता, तिलाही लिहून पाठवलंय, नावासकट, साहेबांच्या आणि माझ्या. नोकरी जाईल. जाऊ दे. तुला आधी सांगायचं होतं.

एनिफा


२६ फेब्रुवारी, सोमवार
चिकोम्बे

जैलो,

मागच्या सोमवारी मामाच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. माइक नको म्हणाले, तशीच उभी राहिले आणि सांगितलं. फोन, चावी, आई खूश होईल, सगळं. कुणी शिवी दिली नाही. मामा उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं. एझेलिया मावशी म्हणाली, "आज खरं बोललीस हे कळलं. पण खरं बोलायला तुला आई मरावी लागली. पुढच्या वेळी कोण मरायचं?" आणि बायका ओढ्यावर गेल्या, नेहमीसारख्या.

बुधवारी त्या पत्रकार मुलीच्या पेपरात आलं. गुरुवारी मला घरी बसायचं पत्र मिळालं. गाडी परत न्यायला माणूस सोमवारपर्यंत येणार होता, म्हणून बिसेकी म्हणाला, "तोवर फिरू."

शुक्रवारी कंडक्टरनं पाकीट दिलं. आत कॅसेट. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. मग गाडी ओढ्यावर नेली, लावली.

तू बोलायला लागलास आणि मी बिसेकीचा हात धरला. तुझा 'स' निसटतो. दात पडलेत हे मामानं मागेच सांगितलं होतं, पण तीन वर्षांत तुझा आवाज मी ऐकलाच नव्हता. दर चार शब्दांनी हवा जाते. तुला तिथं काय काय केलं असेल ते मला त्या शिट्टीतून कळलं, इतक्या लोकांसमोर, भोंग्यावरून.

तू म्हणालास, "मी जैलोसी, इथलाच. माझी बहीण तुमच्याशी दोनदा खोटं बोलली. मला तिचा पहिल्यापासूनचा स्वभाव ठाऊक आहे. खोटं बोलताना तिचा आवाज गोड होतो. लहानपणी साखर चोरली तेव्हाही असाच व्हायचा. आता ती बोलेल तेव्हा नीट ऐका. गोड वाटला तर तिला गावाबाहेर हाकला. घोगरा असेल तर तंबूत जा."

मग आवाज थांबला. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी माइक घेतला. आठ दिवसांच्या ओरडण्यानं घशात काही उरलंच नव्हतं. "कॉलरा आहे," म्हणाले, तर एखादा जुना दरवाजा करकरावा तसं निघालं. कुणीतरी फिसकन हसलं. मग मावशीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि भरलेली बादली तिनं तिथेच आडवी केली. तिची धाकटी सून सकाळपासून पडून होती. बिसेकीनं तिला गाडीत घातलं. त्या दिवशी तंबूत नऊ जण आले. सून वाचली. कालपासून कुणी गेलं नाही.

गाडी आज गेली. बिसेकीला शेजारच्या गावांसाठी तुझ्या बोलण्याची नक्कल हवी होती आणि कोरी कॅसेट कुठे मिळेना, म्हणून त्यानं डब्यातली ती आंब्यांचीच घेतली आणि तिच्यावर तुला भरलं. मला विचारत होता, चालेल ना बाई. आता तिच्यात मी नाही.

तुझी मूळ कॅसेट माझ्याकडे होती. मामाच्या रेडिओवर मी तिची दुसरी बाजू लावली. अर्धा तास नुसती खरखर. मी शेवटपर्यंत ऐकली, वाटलं कुठेतरी मध्येच काही बोलला असशील माझ्यासाठी. मग उलटी करून पुन्हा एकदा लावली.

ती परत पाठवतेय, याच कंडक्टरच्या हाती. त्या बाजूला काहीतरी बोल. शिव्या घाल, आईचं बोल, माझ्याबद्दल जे खरं असेल ते बोल. मी इथेच आहे, आईच्या घरी, चटई टाकून बसेन.

तुझी ताई